ज्ञानगंगेचे रान आणि त्याची मजुरी



वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात संतवाङ्मयापासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषयांवर बोलणे होते आणि बोलणारे बहुधा त्या त्या विषयाचे जाणकार असतात. ज्ञानगंगा अभयारण्यावर बोलण्यास चालकांनी मला पाचारण केले तेव्हा, या युनियनवाल्याचे अभयारण्याशी काय नाते, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असल्यास नवल नाही. वनस्पतिशास्त्र मी कोठे शिकलेलो नाही. पाठशाळेबाहेर मी जे काही शिकलो त्यात हजेरीपट वाचणे ही एक विद्या आहे, आणि रान हे हजेरीपटावरूनही वाचता येते. कोणत्या महिन्यात किती माणसे लागली, कोणत्या कामावर लागली, आणि कोणत्या महिन्यात त्यांची नावे एकाएकी गळाली, एवढे नीट पाहिले तरी त्या डोंगरात वर्षभर काय चालते याचा पुष्कळसा बोध होतो. आज मी त्याच वाटेने आपणांस त्या रानात नेणार आहे.

प्रथम ते कोठे आहे ते सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी ते एस. टी.च्या खिडकीतूनच पाहिले असेल. खामगावहून बोथ्यामार्गे बुलढाण्यास निघाले की शेते मागे पडतात, चढण लागते आणि दोन्ही बाजूंनी झाडी जवळ येते. हा अजिंठ्याच्या डोंगररांगेचा भाग. 1997 साली येथील 205 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ 9,661 चौरस किलोमीटर. म्हणजे जिल्ह्याच्या शंभर एकरांपैकी जेमतेम दोन एकर या अभयारण्याच्या वाट्याला आले आहेत. रान कोरड्या पानगळीचे आहे. साग आहे, सालई आहे, धावडा, अंजन, खैर, पळस, मोह, तेंदू आहे. बाळंतिणीच्या लाडवांत आपण जो डिंक घालतो तो धावड्याचा. फाल्गुन-चैत्रात हे रान पाहिले तर नवखा माणूस म्हणेल की सारे वाळून गेले. पण ते वाळलेले नसते, पाणी राखण्यासाठी झाडांनी पाने टाकलेली असतात. जनावरांत बिबट, अस्वल, तडस, कोल्हा, भेकर, चितळ, रानडुक्कर आणि आपल्याकडे ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय. अस्वलांसाठी हे रान विशेष ओळखले जाते. मोहाची फुले, बोरे आणि वारुळातील वाळवी यांवर त्याचे बरेचसे चालते.

आता पाण्याकडे येतो. आपल्या जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आपण रोजच्या बोलण्यात पाडतो. बुलढाण्याच्या माथ्यावरचे दक्षिणेकडे उतरणारे पाणी पैनगंगेला मिळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत बंगालच्या उपसागराला जाते. उत्तरेकडे उतरणारे पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तेथून अरबी समुद्रात. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या साऱ्या आपल्या बाजूला उतरणाऱ्या नद्या. एका गोष्टीची मला नेहमी मौज वाटते. आपला जिल्हा असा कोरडा, पण नदीला गंगा म्हटल्याशिवाय येथल्या माणसाचे समाधान होत नाही. ज्याच्या घरी तूप कमी तोच वाटीवर झाकण घट्ट ठेवतो, तसे हे असावे.

ज्ञानगंगेचे पाणी गेरू माटरगावच्या धरणात अडते आणि तेथून आपल्या शहराच्या नळांना येते. हे आपण जाणताच. परंतु धरणाच्या वर काय आहे याचा विचार आपण क्वचित करतो. वरचा डोंगर काळ्या फत्तराचा. त्यावर मातीचा थर पातळ. वर्षाचा पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, आणि तोही थोड्या दिवसांत कोसळणारा. उघड्या फत्तरावर पडलेला पाऊस घटकाभरात खाली येतो आणि येताना माती घेऊन येतो. ती माती धरणाच्या तळाशी बसते आणि तेवढे पाणी कायमचे कमी होते. झाडी असेल तर पाऊस आधी पानांवर आपटतो, मग पाचोळ्यावर पडतो, मुळांच्या वाटेने फटीत शिरतो आणि नाले दिवाळीनंतरही काही काळ झिरपत राहतात. यात गूढ काही नाही. घोंगडीवर ओतलेले पाणी आणि फरशीवर ओतलेले पाणी यांत जो फरक तोच हा.

आणि आपल्याला हे पाणी का जपावे लागते? पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरलेला आहे. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतील कित्येक गावांत विहीर खणली तर पाणी खारे लागते. त्या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात हे आपल्याकडील डॉक्टरांना ठाऊक आहे. ज्या मुलुखात पायाखालचे पाणी असे आहे तेथे डोंगरावरून येणाऱ्या गोड्या पाण्याची किंमत रुपयांत करणे अवघड आहे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, रान निसर्गाने केले, पाणी पावसाने दिले, यात मजुरीचा प्रश्न कोठे आला? तो पहिल्याने येतो पौष-माघात. वणव्याचा सरकारी हंगाम 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत धरलेला आहे. तत्पूर्वी जाळरेषा तयार व्हाव्या लागतात. जाळरेषा म्हणजे रानातून आखलेला, गवत कापून आणि ते जाळून मोकळा केलेला पट्टा. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून. हे काम विळ्याने, खुरप्याने, पाठ वाकवून होते. पट्टा जाळताना आग आपल्या हातून निसटू नये म्हणून वारा पडण्याची वेळ गाठावी लागते. त्यानंतर चार महिने आगीवर नजर ठेवावयाची. हल्ली उपग्रहावरून आग दिसते आणि डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून तिची सूचना वनखात्याच्या कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर येते. ही मोठी सोय झाली यात शंका नाही. पण उपग्रह आग पाहतो, विझवीत नाही. ती विझविण्यास माणूस डोंगर चढून जातो, ओल्या फांद्यांनी झोडपतो, अलीकडे पाचोळा उडविणारे यंत्र पाठीवर घेऊन जातो. वैशाखाच्या दुपारी, पेटलेल्या गवतासमोर, पाठीवर यंत्र घेऊन उभे राहणे म्हणजे काय ते मांडवात बसून सांगता येणार नाही.

आणि ही आग आकाशातून पडत नाही. आपल्याकडील वणवा बहुतेक माणसाच्या हातूनच लागतो. मोहाची फुले पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणी पेटवितो; तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून कोणी जाळतो; गुरांना नवे गवत मिळावे म्हणून कोणी जाळतो; आणि बोथ्याच्या रस्त्याने जाणारा आपल्यासारखा एखादा सुशिक्षित प्रवासी पेटती विडी-सिगारेट बाहेर भिरकावतो. पहिल्या तिघांना पोट आहे. चौथ्याला कोणती सबब द्यावी ते मला सुचत नाही.

याखेरीज पाणवठे आहेत. नैसर्गिक पाणी आटले की कृत्रिम टाक्यांत टँकरने किंवा कूपनलिकेने पाणी भरावे लागते. ते न भरले तर जनावर गावात येते. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, फार माजली आहे. ती मुळासकट उपटावी लागते, नुसती छाटली तर दुप्पट फुटते, आणि तिच्याखाली गवत येत नाही. गस्त आहे. ठसे आणि विष्ठा यांच्या नोंदी आहेत. या प्रत्येक कामापुढे हजेरीपटावर माणसाचे नाव असते. निदान असावयास हवे.

येथे मी माझ्या विषयाच्या गाभ्याशी आलो. रानात काम करणाऱ्यांची उतरंड अशी की, वनरक्षक हा खात्याचा कायम नोकर. त्याच्या हाताखाली वनमजूर आणि त्यांच्याही खाली हंगामी रोजंदार. एका ठिकाणचे, त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, काही वर्षांचे हजेरीपट मी एकदा ओळीने वाचले. तीच माणसे, तीच कामे, वर्षामागून वर्षे. परंतु दर काही महिन्यांनी नावापुढे चार-आठ दिवस कोरे. त्याला ‘खंड’ म्हणतात. वर्षात 240 दिवस भरले तर मजुराला कायद्याचा आधार मिळत असे. तो मिळू नये म्हणून हा खंड. रानाला मात्र खंड नसतो. त्या कोऱ्या दिवसांतही पाणवठा भरला गेलेला होता. कोणी भरला याची नोंद नव्हती.

वनखात्याचे म्हणणे पूर्वी असे होते की, रान राखणे हे शासनाचे सार्वभौम कार्य आहे, तो उद्योग नव्हे, सबब कामगार कायदे तेथे लागू होत नाहीत. यावर महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुण्याच्या दक्षिणेकडील टेकड्यांवर वनखात्याने पंचगाव पर्वती योजनेखाली सुमारे 245 हेक्टरांवर लोकांसाठी वनोद्यान उभारण्याचे काम 1976 च्या सुमारास हाती घेतले होते. शहरातल्या लोकांना मोकळी हवा मिळावी, निसर्गाचे शिक्षण मिळावे, हा हेतू. आणि हेतू चांगलाच होता. झाडे लावणारे मजूर मात्र पाच-सहा वर्षे काम करूनही तात्पुरतेच. जगन्नाथ मारुती कोंढरे आणि इतर हे ते कामगार. डिसेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, असे काम हे सार्वभौम कार्य म्हणता येणार नाही. आणि माणसांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून वंचित करणे ही 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा आहे. मला या निकालात आवडते ती गोष्ट ही की, न्यायालयाने झाडे आणि मजूर यांना एकमेकांच्या विरुद्ध उभे केले नाही. योजना पुढे चालावयाची आहे, तेव्हा माणसेही पुढे चालली पाहिजेत, असा साधा हिशेब त्यात आहे. महाराष्ट्र शासनाने 1996 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये वनखात्यातील बऱ्याच जुन्या रोजंदारांना कायम केले. त्यानंतर आलेल्यांचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा आहे, आणि आता तर ठेकेदार मधे आल्याने हजेरीपट कोणाच्या कपाटात आहे हेच शोधावे लागते.

या कामात जीवही जातो. ताडोबा व्याघ्र प्रकल्पात 20 नोव्हेंबर 2021 रोजी व्याघ्रगणनेसाठी खुणांची पाहणी करीत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात त्या गेल्या. सर्व वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली, आणि छापावयास हवीच होती. त्या बातमीत आणखी एक ओळ होती: त्यांच्यासोबत तीन वनमजूर होते. तीन. पायी, त्याच रानात, त्याच वाघिणीसमोर. त्या तिघांची नावे आपल्यापैकी कोणास ठाऊक आहेत काय? मलाही ठाऊक नाहीत, आणि माझा तर धंदाच हा आहे.

आता अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्यांचे पाहू. त्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम तुम्हाला ऐकून माहीत असेल. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर, पहाटे अंधारात बायामाणसे रानात जातात, दुपारपर्यंत पाने खुडून आणतात, आणि सारे घर बसून पुडे बांधते. आपल्याकडे एका पुड्यात 70 पाने, आणि असे 1000 पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. सत्तर हजार पाने हाताखालून जावीत तेव्हा एक गोणी भरते. पेरणीपूर्वीच्या कोरड्या दिवसांत रोख पैसा देणारे हे काम. बी-बियाणे, पोरांच्या वह्या, जुने देणे, सारे त्यातून निघावयाचे. अभयारण्य झाल्यावर कायद्याच्या तरतुदींमुळे ते त्या हद्दीत थांबले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 14 फेब्रुवारी 2000 च्या आदेशाने अभयारण्यातून वाळलेले, उन्मळलेले झाड वा गवत काढण्यासही मनाई झाली. वन्यजीवांच्या दृष्टीने त्यास कारण होते. पडलेल्या झाडातही कितीक जीव राहतात. पण ज्या बाईचा उन्हाळ्याचा रोजगार गेला, तिला त्याच उन्हाळ्यात दुसरा कोणता दिला, हे विचारणे आपले काम आहे. वनहक्क कायदा 2006 साली झाला आणि तो अभयारण्यातही लागू आहे. परंतु कायदा लागू असणे आणि दावा निकाली निघणे यांमध्ये ग्रामसभा, उपविभाग, जिल्हा अशा तीन पायऱ्या आहेत, आणि त्या चढणाऱ्याची मजुरी रोज बुडते.

माझे म्हणणे असे आहे. वणव्याचा हंगाम आणि तेंदूचा हंगाम एकच. ज्यांना पायवाट न् पायवाट ठाऊक आहे अशी माणसे नेमक्या त्याच दिवसांत रिकामी आहेत. त्यांना चार महिने अग्निरक्षक म्हणून, रोखीने आणि वेळेवर मजुरी देऊन, पुरुषाइतकीच बाईला देऊन, कामास लावावे. आग लावणारे हात आणि विझविणारे हात एकाच गावात राहतात. विझविण्याची मजुरी घरात येऊ लागली म्हणजे लावणाऱ्याला घरातलेच माणूस आवरते.

शेतकऱ्याचेही तसेच आहे. रोही आणि डुक्कर यांच्या भीतीने सोयाबीन, मका, तूर राखण्यासाठी तो रात्ररात्र जागल करतो. दिवसा मजुरी, रात्री जागल. पंचनामा होतो, भरपाई मिळते. पण जागलीची भरपाई कोणत्याच तक्त्यात बसत नाही. मनुष्यहानीची भरपाई शासनाने 2023 साली 25 लाख रुपयांपर्यंत वाढविली, हे योग्य झाले.

2019 साली या लोकांची परीक्षाच झाली म्हणा ना. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ-पट्टा असलेला, त्या वर्षीच्या जूनमध्ये निघाला. तेलंगणाच्या हद्दीत जाऊन आला, मराठवाड्यातून, वऱ्हाडातून फिरत डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत पोचला. तोवर त्याची तेराशे किलोमीटरांची चाल झाली होती. पुढे ती तीन हजारांवर गेली. एप्रिल 2020 मध्ये त्याचा पट्टा काढला. जोडीदारीण येथे नव्हती, रान लहान. पुढे मार्च 2021 मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात तो दिसला. जगभरच्या पत्रांनी त्याचे कौतुक केले. मला कौतुक वाटते ते दुसऱ्या एका गोष्टीचे. हा वाघ कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून रात्री चालला, दिवसा नाल्यांच्या झुडपांत पडून राहिला. त्या शेतांत वेचणीच्या बाया होत्या, जागलीचे गडी होते. त्या सर्व प्रवासात, तो लपला होता त्या झुडपात शिरलेला एक माणूस जखमी झाला, एवढाच अपघात. सात जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांनी त्याला वाट दिली. वाघाने किती किलोमीटर तोडले ते उपग्रहाने मोजले; शेतकऱ्यांनी किती सोसले ते मोजण्याचे यंत्र अजून निघावयाचे आहे.

आमच्या चळवळीतील काही मित्र मला म्हणतात, कामगाराला बिबट्या-वाघाचे काय? ही बड्या लोकांची हौस. उलट काही निसर्गप्रेमी मंडळी म्हणतात, माणसे बाहेर काढा म्हणजे रान आपोआप वाचेल. दोघांनाही मी एकच विचारतो: फेब्रुवारीत जाळरेषा कोण कापणार? खामगावच्या कामगारवस्तीतील नळाला पाणी कोठून येणार? आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी हंडे मांडून बसते ती कामगाराचीच बाई, आणि टँकर विकत घेणे परवडत नाही ते तिलाच.

म्हणून एक सूचना मांडतो. ती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूयॉर्क शहराने, ज्या वर्षी आपले अभयारण्य झाले त्याच 1997 साली, पाणी गाळण्याचा अब्जावधी डॉलरांचा कारखाना बांधण्याऐवजी, ज्या कॅट्स्किल डोंगरातून त्याला पाणी येते तेथील रान आणि शेती राखण्यासाठी तेथल्या गावांशी करार केला. न्यूयॉर्क फार दूर वाटत असेल तर हिमाचल प्रदेशातील पालमपूर घ्या. ते आपल्याहून लहान गाव. तेथील नगरपरिषदेने 2010 साली बोहल झऱ्याच्या वरच्या रानाची राखण करणाऱ्या ग्रामस्थांशी करार करून वर्षाला 10,000 रुपये देण्याचे ठरविले. रक्कम लहान आहे, पण पाणी पिणाऱ्याने रान राखणाऱ्याचे देणे मान्य केले. आपल्या नगरपरिषदेने पाणीपट्टीतून काही भाग बाजूला काढावा आणि तो ज्ञानगंगेच्या वरच्या गावांतील अग्निरक्षकांच्या मजुरीसाठी, ग्रामसभांच्या हाती, उघड हजेरीपटावर खर्च व्हावा. हजेरीपट दर महिन्याला नगरपरिषदेच्या फलकावर लागावा. खंड असेल तर तोही दिसावा.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली आहे. त्या रात्री वनखाते हौशी मंडळींना मचाणावर बसवून पाणवठ्यावरची जनावरे पाहू देते. आपल्यापैकी काही तरुण जातीलच, अवश्य जावे. मचाणावर तुमच्यासोबत जो माणूस बसेल त्याला अस्वल कधी येईल हे विचारालच. त्याला त्याचे नावही विचारा, आणि मागल्या महिन्याची मजुरी हाती पडली काय तेही.

नगरपरिषदेस द्यावयाच्या अर्जाचा मसुदा मांडवाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. तो दोन पानांचा आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी. मात्र वाचल्यावाचून कोणी करू नये.